चांद्याच्या परकोटावरून

महागाववरून जाणारा तुळजापूर–नागपूर महामार्ग आर्णीमार्गे यवतमाळला येतो, आणि यवतमाळहून पूर्वेकडे वणीच्या दिशेने फुटणारा रस्ता पुढे वर्धा नदी ओलांडून चंद्रपूरला, म्हणजे जुन्या चांद्याला, पोहोचतो. चैत्रात महाकालीच्या यात्रेसाठी नांदेड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून निघणारे भाविक याच शहरात येतात, झरपट नदीत स्नान करतात, देवीचे दर्शन घेतात आणि परततात. हिवाळ्या-उन्हाळ्यात ताडोब्याचे वाघ पाहायला येणारे पर्यटक मात्र शहरात न थांबता मोहर्लीच्या फाटकाकडे वळतात. दोघांच्याही वाटेत एका मध्ययुगीन राजधानीचा दगडी परकोट येतो, आणि दोघेही बहुधा त्याच्या कमानीखालून निघून जातात. या परकोटाच्या आत गोंड राजांचे जुने शहर आहे आणि शहराच्या आत त्यांचा राजवाडा आहे. हे दोन्ही समजून घेण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे जाणत्या मार्गदर्शकासोबत लहान गटाने पायी केलेली फेरी, जिला आता सर्वत्र ‘हेरिटेज वॉक’ म्हटले जाते.

अशा फेरीची कल्पना भारतात रुळवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी अहमदाबादला जाते. तेथील महानगरपालिकेने १९९७ मध्ये काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत रोज सकाळची पायी फेरी सुरू केली, आणि पुढे २०१७ मध्ये त्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. चंद्रपूरची कथा वेगळ्या टोकापासून सुरू होते. येथे वारसा दाखवण्याआधी तो झाडाझुडपांतून बाहेर काढावा लागला. ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मार्च २०१७ मध्ये परकोटावरची काटेरी झुडपे, वेली आणि पिढ्यान्‌पिढ्या साचलेला कचरा श्रमदानाने हटवायला सुरुवात केली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील या वास्तूवर हे काम महिनोन्‌महिने रोज पहाटे चालले, त्याच वर्षी पंतप्रधानांच्या ‘मन की बात’ या कार्यक्रमात त्याचा उल्लेख झाला, आणि तट चालण्याजोगा झाल्यावर त्याच संस्थेने नागरिकांसाठी किल्ल्याच्या फेऱ्या सुरू केल्या. म्हणजे येथे फेरीची वाट प्रथम हातांनी मोकळी केली गेली, आणि ती सांगणारी माणसेही बव्हंशी ती मोकळी करणाऱ्यांतूनच आली. गोंड राजांच्या वंशावळीपेक्षा तटाच्या एखाद्या ढासळलेल्या भागाची माहिती त्यांच्याकडे अधिक नेमकी असते, आणि ही उणीव मानण्याचे कारण नाही.

गट लहान ठेवण्यामागे शिष्टाचारापेक्षा स्थापत्य अधिक आहे. तटाच्या माथ्यावरून पहारेकऱ्यांनी फिरावे म्हणून केलेल्या वाटेला ‘फांजी’ म्हणतात. तिच्या बाहेरच्या अंगाला उभारलेल्या दगडी दातऱ्यांना ‘चर्या’ आणि बंदुकीचा मारा करण्यासाठी ठेवलेल्या छिद्रांना ‘जंग्या’ म्हणतात. ही वाट काही ठिकाणी सलग आहे, काही ठिकाणी दगड निखळलेले आहेत, आणि आतल्या बाजूला अनेक जागी कठडाच नाही. दहा-पंधरा माणसे एकामागून एक चालू शकतात आणि बुरुजावर वर्तुळ करून उभी राहू शकतात; चाळीस माणसांची रांग झाली की मागच्यांना सांगणाऱ्याचा आवाज पोहोचत नाही आणि पुढच्यांना थांबता येत नाही. वेळही हवामानच ठरवते. उन्हाळ्यात पारा सहज पंचेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या या शहरात दगडी तटावर सकाळी नऊनंतर चालणे हा शौर्याचा विषय होतो. त्यामुळे फेरी पहाटेची, आणि शक्यतो दिवाळी ते शिमगा या काळातली असावी.

परकोटाच्या घेराविषयी एक गमतीदार मतभेद आहे. इंग्रजी अमदानीतील ग्रंथांत तो साडेपाच मैल, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटर, असा नोंदलेला आहे. शहरात आज सर्रास अकरा किलोमीटर सांगितला जातो. बुरुजांची वळणे धरून मोजले की सरळ मोजले, नदीकडचे कोपरे कसे धरले, यांवर असा फरक पडू शकतो, आणि प्रत्येक शहराला आपला तट थोडा लांब वाटणे स्वाभाविकही आहे. उंची पंधरा ते वीस फूट आहे. या तटाला चार मोठे दरवाजे आहेत: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा. त्यांच्याखेरीज पाच लहान दरवाजे आहेत, ज्यांना येथे ‘खिडकी’ म्हणतात: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. मोठ्या दरवाज्यांतून हत्ती, तोफा आणि मिरवणुका जात. खिडक्यांतून नदीवर पाण्याला जाणाऱ्या बायका, शेतावर जाणारी माणसे, आणि मसाण खिडकीतून, नावाप्रमाणे, शेवटचा प्रवास. फेरी सुरू करण्यास खिडकी अधिक चांगली, कारण जटपुरा दरवाज्यात वाहनांची गर्दी इतकी असते की त्याच्या कमानीवरचे शिल्प पाहायला मान वर करणे हेच धोक्याचे ठरते.

ते शिल्प मात्र पाहण्यासारखे आहे. हत्तीवर मात करणारा सिंह हे चांद्याच्या गोंड राजवंशाचे चिन्ह असून ते दरवाज्यांवर आणि शहरातील अन्य बांधकामांवर पुन्हापुन्हा आढळते. सिंहाचा आकार हत्तीपेक्षा मोठा दाखवलेला असतो. प्राणिशास्त्राशी त्याचा संबंध नाही, राजकारणाशी आहे. शेजारी बलाढ्य सुलतान आणि पुढे मुघल असताना जंगलाच्या आधाराने आपले राज्य टिकवणाऱ्या राजांनी दगडात कोरलेला हा दावा आहे. तो अगदीच पोकळ नव्हता. ‘ऐन-इ-अकबरी’ या अबुल फजलच्या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना चांद्याच्या बाबजी या गोंड जमीनदाराची नोंद आहे आणि त्याच्याजवळ एक हजार घोडदळ व चाळीस हजार पायदळ असल्याचे म्हटले आहे. हिऱ्यांची खाण असलेले वैरागड त्याच्याच ताब्यात असल्याचाही उल्लेख तेथे येतो. मुघल दरबाराच्या भाषेत ‘जमीनदार’ हा शब्द मांडलिक राजांनाही लावला जात असे, हे येथे ध्यानात ठेवावे लागते.

शहराच्या स्थापनेची कथा मार्गदर्शक बहुधा पहिल्याच बुरुजावर सांगतात. राजधानी बल्लारपूरला असताना खांडक्या बल्लाळशहा नावाचा राजा अंगावरच्या गाठींनी त्रस्त होता. शिकारीला गेला असता झरपटीच्या कोरड्या पात्रातील एका खळग्यातले पाणी तो प्यायला, त्या रात्री त्याला गाढ झोप लागली आणि गाठी नाहीशा झाल्या. त्या जागी अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. पुढे देवळाचे काम पाहण्यासाठी येत असता त्याला कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला; बरीच वळणे घेऊन झाल्यावर कुत्र्याने उलटून सशाला मारले. राजाने हे राणीला सांगितले, आणि ससा ज्या वाटेने धावला त्याच रेषेवर तट बांधून नगर वसवावे, असा सल्ला तिने दिला. राणीचा शब्द मानला गेला आणि तेलठाकूर नावाच्या लोकांनी तटाची आखणी केली, असे परंपरा सांगते.

जो मार्गदर्शक येथेच थांबतो तो कथा सांगतो, इतिहास नव्हे. कुत्र्यावर उलटणारा ससा अहमदाबादच्या स्थापनेच्या दंतकथेत आहे, आणि विजयनगरच्याही. जेथे दुबळा जीव बलवानावर उलटतो ती भूमी वीरांची, असा या कथेचा सर्वत्र एकच आशय आहे, आणि मध्ययुगीन भारतात राजधानीच्या जागेला पावित्र्य देण्याची ती एक प्रचलित रीत होती. चांद्याच्या कथेत मात्र दोन गोष्टी स्वतःच्या आहेत: सल्ला देणारी राणी, आणि तटाची वाकडीतिकडी रेषा. तटावरून चालताना ही वळणे खरोखर जाणवतात; त्यांचा सशाशी नव्हे तर इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या काठांशी संबंध आहे, हे बुरुजावर उभे राहून दाखवता येते. पश्चिमेकडून इरई, पूर्वेकडून झरपट आणि दक्षिणेला त्यांचा संगम, अशा जागी तट नदीच्या मागोमाग वळला आहे. अतिवृष्टीच्या वर्षी इरईला पूर आला की पाणी आजही पठाणपुरा दरवाज्यापर्यंत येते, आणि तट शत्रूइतकाच पाण्यासाठीही बांधला गेला असावा, हा तर्क त्या दिवशी कोणालाही पटतो.

राजांच्या काळाविषयी अधिक सावधपणा हवा. चांद्याची सविस्तर वंशावळ प्रथम मेजर ल्युसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९ च्या जमाबंदी अहवालात मांडली, आणि तीत भीम बल्लाळसिंग या मूळ पुरुषाला नवव्या शतकापर्यंत मागे नेले. ही माहिती त्याने स्थानिक परंपरांतून जमवली होती. एकोणीस राजांना जवळजवळ नऊशे वर्षे वाटून द्यायची तर प्रत्येकाच्या वाट्याला जी कारकीर्द येते तिची लांबीच संशय उत्पन्न करते. सिरपूर, मग बल्लारपूर आणि अखेरीस चांदा हा राजधान्यांचा क्रम सर्वसाधारणपणे मान्य आहे. खांडक्या बल्लाळशहाला पंधराव्या शतकात ठेवले जाते. तट आणि दरवाजे एका राजाचे काम नाही. हिरशहाने कोट व दरवाजे बांधले आणि धुंड्या रामशहाच्या काळात तट पूर्ण झाला, असे परंपरा मानते.

अंचलेश्वर दरवाज्याबाहेर आल्यावर फेरीचा सर्वांत समृद्ध टप्पा लागतो. अंचलेश्वराच्या देवळालगत गोंड राजांच्या समाध्या आहेत आणि त्यांतली सर्वांत भव्य, घुमटाची समाधी बीरशहाची आहे. ती राणी हिराईने बांधली. चांद्याच्या इतिहासात राजे अनेक आहेत, पण शहराच्या रूपावर ज्या एका व्यक्तीचा हात स्पष्ट दिसतो ती ही राणी होय. अठराव्या शतकाच्या आरंभी बीरशहा स्वतःच्या दुसऱ्या लग्नाच्या वेळी आपल्याच एका सरदाराच्या हातून मारला गेला. मुलगा नसलेल्या हिराईने चंदनखेड्याच्या शाखेतील रामशहाला दत्तक घेतले आणि तो जाणता होईपर्यंत राज्याचा कारभार पाहिला. जवळच असलेले महाकालीचे मंदिरही तिनेच बांधले. त्यामागची कथा रक्तरंजित आहे: बीरशहाची कन्या देवगडच्या राजघराण्यात दिली होती, तेथे तिचा अपमान झाला, बीरशहाने चालून जाऊन जावयाचे शिर कापले आणि बोललेल्या नवसाप्रमाणे ते महाकालीला वाहिले, मंदिरावरील दगडी मुखवटा त्याच शिराचा, असे सांगतात. चैत्रात येणाऱ्या हजारो भाविकांपैकी फार थोड्यांना हे मंदिर एका विधवा राणीने बांधल्याचे ठाऊक असते. यात्रेच्या मंडपात मोठ्या अक्षरांत तिचे नाव लिहिण्याने देवीच्या माहात्म्याला काहीच उणेपणा येणार नाही.

समाध्यांपासून दक्षिणेकडे लालपेठ येथे उघड्यावर पडलेल्या प्रचंड दगडी मूर्ती आहेत, ज्यांना अभ्यासक ‘अपूर्ण देवालय’ म्हणतात. रायप्पा नावाच्या कोमटी सावकाराने शिवमंदिर बांधण्याच्या संकल्पाने त्या कोरवून घेतल्या, पण मंदिर उभे राहण्याआधीच तो वारला. त्यांतली दशमुखी दुर्गेची मूर्ती पंचवीस फुटांहून अधिक लांब आहे. दहा तोंडे पाहून लोकांनी तिला रावण ठरवले, आणि आजही तेच नाव ऐकू येते. पायी फेरीत हा टप्पा बहुधा बसत नाही. तो वाहनाने वेगळा करावा.

आता राजवाडा. पर्यटनाच्या पत्रकांत ‘राजवाडा’ या शब्दाबरोबर सज्जे, झुंबरे, शस्त्रांचे दालन आणि तिकीटखिडकी यांची अपेक्षा येते. चांद्यात यांतले काहीच नाही, कारण गोंड राजवाड्याच्या जागी आज जिल्हा कारागृह आहे. राजवाड्याचे कारागृह कसे झाले, याची साखळी राजकीय उलथापालथींची आहे. १७५१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी अखेरचा राजा नीलकंठशहा याला पदच्युत करून चांदा आपल्या राज्याला जोडले आणि राजवाडा किल्लेदाराच्या हाती गेला. १८१८ मध्ये पेशवा दुसरा बाजीराव चांद्याच्या रोखाने येत असता १७ एप्रिलला आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल ॲडम्सने त्याला गाठून पराभूत केले, आणि मग तीच फौज चांद्यावर चालून आली. मे महिन्यात तोफांनी तटाला खिंडार पाडून २० तारखेला शहर घेण्यात आले. किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा थेट इंग्रजी अमलाखाली आले. भक्कम भिंती, एकच मुख्य दरवाजा आणि आत विहीर असलेली तयार इमारत नव्या सरकारला कशासाठी सोयीची वाटली असेल, हे सांगण्याची गरज नाही.

त्या कारागृहाने लवकरच स्वतःचा इतिहास निर्माण केला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला; चांद्याचा उपायुक्त कॅप्टन क्रिक्टन याच्या फौजेशी त्यांच्या चकमकी झाल्या, एप्रिलअखेर चिंचगुंडी येथे तारखात्याच्या दोन इंग्रज कर्मचाऱ्यांना ठार करण्यात आले, आणि पुढे पकडले गेल्यावर २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या कारागृहात पिंपळाच्या झाडाखाली त्यांना फाशी देण्यात आले. ज्या वास्तूतून गोंड राजांनी राज्य केले तेथेच एका गोंड वीराला फासावर चढवले गेले. दर वर्षी या तारखेला आदिवासी समाजाचे लोक मोठ्या संख्येने अभिवादनासाठी येथे येतात. कारागृहाच्या आवारातच गैबीशहा वली यांचा दर्गा आहे आणि मोहरमच्या दिवसांत तो दर्शनासाठी खुला होतो. सर्व धर्मांचे लोक तेव्हा आत जातात आणि तेथील विहिरीचे पाणी श्रद्धेने पितात. म्हणजे हा राजवाडा सामान्य माणसाला पूर्णपणे बंद नाही. तो हुतात्म्याच्या आणि अवलियाच्या निमित्ताने उघडतो, राजाच्या निमित्ताने उघडत नाही.

एरवीच्या दिवशी गट कारागृहाच्या भिंतीबाहेरच्या रस्त्यावर थांबतो, छायाचित्रे काढता येत नाहीत, आणि मार्गदर्शकाला न दिसणारी वास्तू शब्दांनी उभी करावी लागते. येथेच फेरीची परीक्षा असते. जयपूर किंवा म्हैसूर येथे राजवाडाच बोलतो, मार्गदर्शक थोडा कमी पडला तरी चालते; चांद्यात वास्तू मुकी आहे, आणि भुयारांच्या व गुप्त खजिन्यांच्या गोष्टी सांगून वेळ मारून नेण्याचा मोह मोठा असतो. त्याऐवजी कारागृहाची उंच भिंत, शहराच्या तटातला दगड, आणि दोन्हींतले नंतरच्या काळातले विटांचे बांधकाम यांची तुलना करून दाखवली, तर ऐकणाऱ्याच्या हाती अधिक काही लागते.

तटाच्या दोन्ही अंगांना वस्ती आहे, आणि फांजीवरून चालताना उजव्या-डाव्या हाताला न्हाणीघरे, वाळत घातलेली धुणी, कोंबड्यांची खुराडी आणि सकाळचा चहा असे सगळे दिसते. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत ते परवानगीवाचून करता येत नाही. एखादा एकटा किल्ला असेल तर हा नियम सोपा. पण नऊ-अकरा किलोमीटरांच्या तटाला तो लावला की दोन्ही बाजूंचा पट्टा धरून जुन्या शहराचा मोठा भाग त्याखाली येतो, आणि पडक्या घराची डागडुजी करू पाहणाऱ्या कुटुंबाला परकोट हा वारसा न वाटता अडचण वाटतो. फेरीत सहभागी झालेल्यांनी लोकांच्या परसात डोकावू नये, मोठ्याने बोलू नये आणि घरांची छायाचित्रे न विचारता काढू नयेत, हा संकेत म्हणून महत्त्वाचा आहे: तटाची राखण सरकारी पाटीपेक्षा तटाला लागून राहणाऱ्यांच्या मर्जीवर अधिक अवलंबून आहे, आणि एकदा साफ झालेल्या बुरुजावर पुन्हा कचरा पडतो की नाही हे तीच घरे ठरवतात.

कारागृह शहराबाहेर हलवून राजवाडा मोकळा करावा, अशी मागणी वेळोवेळी होत आली आहे. ती न्याय्य आहे, पण तिच्यासोबत काही प्रश्न येतात. दीड शतकाहून अधिक काळ बराकी, कोठड्या आणि कार्यालये यांची भर पडलेल्या त्या आवारात मूळ गोंड बांधकाम कोणते आणि नंतरचे कोणते, याचे शास्त्रीय मोजमाप आधी व्हावे लागेल. आणि राजवाडा ‘मूळ रूपात’ आणण्याच्या उत्साहात शेडमाक्यांच्या फाशीची जागा, दर्गा आणि कारागृहाच्या जुन्या कोठड्या पुसल्या जाऊ नयेत, कारण त्या वास्तूच्या इतिहासात त्यांचाही वाटा राजांइतकाच आहे. तोपर्यंत करता येण्याजोगी गोष्ट लहान आहे. ज्या दिवसांत आवार लोकांसाठी उघडते त्या दिवसांना जोडूनच, कारागृह प्रशासनाच्या परवानगीने, पंधरा-पंधरा जणांचे गट अभ्यासू मार्गदर्शकासह आत नेता येतील. आणि चैत्रातल्या यात्रेच्या काळात महाकालीपासून हिराईने बांधलेल्या समाधीपर्यंतची, जेमतेम अर्ध्या तासाची पहाटफेरी ठेवली, तर महागाव-नांदेडकडून आलेल्या माणसांना त्यासाठी वेगळा प्रवास करावा लागणार नाही.